बाजार उठतो, पेठ वसते

(हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



बंगळूरच्या मेट्रोच्या हिरव्या मार्गिकेवर मॅजेस्टिकहून दक्षिणेकडे निघालेली गाडी आधी चिक्कपेटे स्थानकात थांबते आणि त्यानंतर लगेच कृष्णराजेंद्र मार्केट येते. लागोपाठच्या या दोन स्थानकांच्या नावांत बाजाराचे दोन शब्द आहेत. ‘मार्केट’ हा इंग्रजांबरोबर आलेला शब्द. ‘पेटे’ हा त्याच्या कितीतरी आधीचा. बंगळुरातील मराठी घरातले मूल हे दोन्ही शब्द येताजाता ऐकते. घरी आजीच्या बोलण्यात आणि शाळेच्या पुस्तकात त्याला पुण्याची सदाशिव पेठ, शनिवार पेठ भेटते. पण पुण्याची ‘पेठ’ आणि चिक्कपेटेतील ‘पेटे’ हा एकच शब्द आहे, हे त्याला सहसा कोणी सांगितलेले नसते. आजचे विवेचन त्या एका शब्दाविषयी आहे.

हीरक महोत्सवाच्या प्रसंगी एवढ्या साध्या शब्दाची निवड करण्याला कारण आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबात, मुलाला शाळेत घालण्याच्या वेळी, एक प्रश्न उभा राहतो : ‘इथे मराठी शिकून उपयोग काय? बाजारात तिला किंमत काय?’ हा प्रश्न विचारणाऱ्या पालकांवर रागावण्याचे कारण नाही. मुलाच्या पोटापाण्याची चिंता आईबापांनी करायची नाही, तर कोणी करायची? मात्र प्रश्नातच बाजार आला आहे, तेव्हा उत्तराची सुरुवातही बाजारापासून करणे योग्य ठरेल.

मराठीत बाजारासाठी एक शब्द नाही, अनेक आहेत, आणि ते चहूकडून आले आहेत. ‘हाट’ हा संस्कृत ‘हट्ट’पासून आलेला; आज तो एकटा क्वचितच आढळतो, पण ‘बाजारहाट’ या जोडशब्दात सुखाने नांदतो. ‘बाजार’ हा फारसी. हाच शब्द पश्चिमेकडे तुर्कस्तानात गेला आणि तिथे ‘पाझार’ झाला. तुर्की भाषेत त्याचा अर्थ बाजार असाही होतो आणि रविवार असाही. पुण्याची रविवार पेठ ज्याला ठाऊक आहे, त्याला वार आणि बाजार यांचे हे सख्य नवे वाटणार नाही. ‘मंडई’चे मूळ ‘मंडपिका’ या संस्कृत शब्दात सापडते. जुन्या शिलालेखांत जिथे मालावर जकात घेतली जाई त्या जागेला हे नाव आहे. पुण्याची मंडई 1886 मध्ये रे मार्केट या नावाने उघडली आणि पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. लोकांच्या तोंडी मात्र ती सदैव ‘मंडई’च राहिली.

उरला तो ‘पेठ’. त्याचे वेगळेपण अर्थापेक्षाही त्याच्याबरोबर येणाऱ्या क्रियापदात दिसते. बाजार भरतो आणि उठतो. मंडई उघडते आणि बंद होते. पेठ मात्र वसते. ती वसवावी लागते. सायंकाळी पाल गुंडाळून, उरलेला माल बैलगाडीत घालून विक्रेते परत जातात तो बाजार. जिथे दुकानाच्या मागे किंवा माडीवर बिऱ्हाड असते, जिथे दिवा लागल्यावर दुकानदार शेजारच्या दुकानदाराच्या ओसरीवर बसतो, जिथे त्याच्या मुलीचे लग्न होते आणि त्याच्या देवाची पालखी निघते, ती पेठ. कानडीनेही हा भेद काटेकोरपणे जपला आहे. आठवड्यातून एकदा भरणाऱ्या बाजाराला कानडीत ‘संते’ म्हणतात. कायम वसलेल्या बाजाराला ‘पेटे’.

हा शब्द आला कोठून? तमिळमध्ये ‘पेट्टै’, तेलुगूत ‘पेट’, कानडीत ‘पेटे’ आणि मराठीत ‘पेठ’. दक्षिणेकडील भाषांचा ‘ट’ मराठीच्या तोंडात ‘ठ’ झाला, एवढाच फरक. उत्तरेत, पश्चिम उत्तर प्रदेशाच्या बोलीत, गावच्या बाजाराला ‘पैंठ’ म्हणतात आणि हिंदी कोशकार तो शब्द ‘पण्यस्थान’ या संस्कृत शब्दापासून काढतात. म्हणून काही जण मराठी ‘पेठ’लाही त्याच वाटेने संस्कृतात नेतात. परंतु नकाशा उघडला तर तो दक्षिणेच्या बाजूने साक्ष देतो. बेगमपेट आणि चिलकलूरिपेट तेलुगू मुलखात, सैदापेट आणि राणीपेट तमिळ मुलखात, गुंडलुपेटे आणि कृष्णराजपेटे कर्नाटकात, पेठ वडगाव कोल्हापूर जिल्ह्यात. उत्तर हिंदुस्थानात गावांच्या नावांमागे सहसा ‘गंज’ आणि ‘मंडी’ येतात. कोडगूच्या डोंगरात तर सोमवारपेटे नावाचे गाव आहे. पुण्याच्या सोमवार पेठेचे ते जणू जुळे भावंड.

पुणे आणि बंगळूर या दोन शहरांचे नाते केवळ शब्दापुरते नाही. 1638 मध्ये आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे बंगळुरास आले आणि हे शहर त्यांच्या जहागिरीत आले. पुणे परगणाही त्यांच्याच जहागिरीत होता. म्हणजे एका काळी पुण्याची कसबा पेठ आणि बंगळूरची चिक्कपेटे यांचा धनी एकच होता. दोन्ही शहरांच्या जन्मकथांतही विलक्षण साम्य आहे. केंपेगौडांनी 1537 मध्ये बंगळूर वसवले, तेव्हा आजच्या चिक्कपेटे आणि दोड्डपेटे यांच्या चौकातून बैलांचे चार नांगर चार दिशांना सोडले आणि त्यांच्या तासांवरून रस्ते आखले, असे परंपरा सांगते. दोड्डपेटे म्हणजे थोरली पेठ, आजचा अ‍ॅव्हेन्यू रोड. चिक्कपेटे म्हणजे धाकटी पेठ. पुणे 1630 च्या सुमारास आदिलशाही फौजेने उद्ध्वस्त केले. त्या जमिनीवर जिजाऊंनी बाल शिवाजीच्या हातून सोन्याचा नांगर फिरवला, अशी कथा मराठी मूल लहानपणीच ऐकते. नांगर धान्यासाठी असतो. या दोन्ही कथांत तो वस्तीसाठी आहे. पेठ वसवणे हे पेरणीसारखेच काम आहे, हे दोन्ही प्रांतांच्या लोकस्मृतीने ओळखले होते.

नावे ठेवण्याच्या रीतीत मात्र दोन्ही शहरे वेगळी आहेत. पुण्याच्या बहुतेक पेठा वारांच्या किंवा माणसांच्या नावाच्या आहेत : सोमवार, बुधवार, शुक्रवार, सदाशिव, नारायण, नाना, रास्ता. बंगळूरच्या पेटे मालाच्या किंवा कारागिरांच्या नावाच्या आहेत. अक्की म्हणजे तांदूळ, ती अक्कीपेटे. बळे म्हणजे बांगडी, ती बळेपेटे. अरळे म्हणजे कापूस. त्या अरळेपेटेचे इंग्रजी अमदानीत कॉटनपेट झाले. कुंबारपेटे कुंभारांची. गाणिगरपेटे तेल्यांची, कानडीतील ‘गाण’ म्हणजे मराठीतील घाणाच. पुण्यात अशी नावे एक पायरी खाली, आळीला मिळाली : तांबट आळी, बोहरी आळी. बंगळुरात जी पेटे, ती पुण्यात आळी. पण दोन्हीकडे नावे तीच गोष्ट सांगतात, की इथे कोणी येऊन राहिले आणि हाताने काही करत राहिले.

किल्ल्याशीही या शब्दाचे जुने नाते आहे. राजा किल्ल्यात आणि रयत पेठेत, ही दक्षिणेकडील शहरांची जुनी रचना. इंग्रजांनी हा शब्द ‘पेटा’ असा उचलला. 1886 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशात त्याचा अर्थ किल्ल्याबाहेरची, किल्ल्याला लागून असलेली वस्ती असा दिला आहे आणि मराठी ‘पेठ’चाही उल्लेख केला आहे. कोलंबो शहरात आजही ‘फोर्ट’च्या शेजारी ‘पेटा’ नावाचा गजबजलेला बाजार आहे. 1791 च्या मार्च महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेने बंगळूर जिंकले, तेही याच क्रमाने : 7 तारखेला पेटे, 21 तारखेला किल्ला.

राज्ये येत गेली आणि जात गेली. शहाजीराजांच्या दरबारी कवी जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला. त्यात संस्कृताबरोबर अनेक देशभाषांतील रचना आहेत आणि त्यांत कानडीही आहे. शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांनी काडू मल्लेश्वराच्या देवळाला गाव इनाम दिल्याचा 1669 चा शिलालेख आहे. याच देवावरून आजच्या मल्लेश्वरमला नाव मिळाले. 1687 मध्ये मोगल सरदार कासिमखानाने बंगळूर घेतले आणि पुढे ते 3 लाख रुपयांच्या मोबदल्यात म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे गेले. ज्या शहरात सर्व काही विकले जाई, ते शहरच एक दिवस विकले गेले. तो व्यवहार झाला. पेटे मात्र जागच्या जागी राहिली. आजही जुन्या शहरात नामदेव शिंपी आणि भावसार क्षत्रिय समाजांची अशी घरे आहेत, जिथे देवघरापाशी आणि स्वयंपाकघरात मराठी बोलली जाते आणि दारावरची पाटी कानडीत असते. जहागीर उठली, पेठ उठली नाही.

अशा शेजारात शब्दही एका घरातून दुसऱ्या घरात जातात. कानडी ‘तुप्प’ मराठीच्या पानात ‘तूप’ होऊन आले. ‘अडकित्ता’, ‘उप्पीट’, ‘अण्णा’, ‘अक्का’ हे सारे कानडीशी नाते सांगणारे शब्द. मराठी ‘झुणका’ आणि ‘लावणी’ उत्तर कर्नाटकाने आपल्या करून घेतल्या. ‘बाजारपेठ’ हा शब्दच पाहावा : पूर्वार्ध फारसी, उत्तरार्ध दक्षिणेचा, आणि जोडणारी मराठी. दोन भाषांच्या सीमेवर भांडणे होत आली आहेत आणि पुढेही होतील. पण त्या भांडणाऱ्यांनाही तूप एकाच नावाने मागावे लागते.

आता पालकांच्या मूळ प्रश्नाकडे वळता येईल. बाजारात मराठीला किंमत काय? बंगळूरच्या बाजारात ती फार नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. नोकरीला इंग्रजी हवी. शेजाराला कानडी हवी, आणि ती मुलांना उत्तम आली पाहिजे. ज्या पेठेत राहायचे तिची भाषा न शिकणारा माणूस तिथे कायमचा गिऱ्हाईकच राहतो. पण माणसाचे सगळे आयुष्य बाजारात जात नाही. दुकानाची फळी लावल्यावर मागच्या खोलीत जे सुरू होते, त्यासाठीही भाषा लागते. ज्या मुलाला ‘पेठ’ ठाऊक आहे, त्याला ‘पेटे’ परकी वाटत नाही. आपले पूर्वज या शहरात पाहुणे म्हणून आले नव्हते, हे त्याला कोणत्याही घोषणेवाचून कळते. आणि त्याच वेळी आपण जो शब्द आपला समजत होतो तो शेजाऱ्याकडून आलेला असावा, हेही कळते. अभिमान आणि नम्रता एकाच धड्यात शिकवणारे शब्द थोडे असतात.

या शब्दाचा आणखी एक अर्थ सावकारी व्यवहारात होता. मूळ हुंडी गहाळ झाली तर तिची जी दुसरी प्रत लिहून देत, तिला ‘पेठ’ म्हणत. तीही हरवली तर तिसरी, ‘परपेठ’. मूळ कागद गेला म्हणून सावकार रक्कम नाकारत नसे. पेठ दाखवली की हुंडी वटत असे. गावापासून शेकडो कोसांवर वाढणाऱ्या मुलांची मराठी ही अशीच प्रत आहे. आजोळच्या अंगणातील मूळ भाषा त्यांच्यापैकी अनेकांना मिळालेली नाही. तिची प्रत वर्गात बसून, फळ्यावरून, हाताने उतरवून घ्यावी लागते. तिच्यात कानडीचा हेल असेल, इंग्रजीचे शब्द असतील. तरीही ती वटते. पंढरपुरात वटते, आजीच्या पत्रात वटते, आणि आजी नसताना तिची जुनी पत्रे वाचायला बसले की तेव्हाही वटते.

साठ वर्षांपूर्वी ज्यांनी मुलांची नावे इथल्या हजेरीपटावर घातली, ते हीच प्रत लिहून घेत होते. शाळा सुटते, सुट्ट्या लागतात, वर्ग रिकामे होतात. पण पुन्हा जूनमध्ये मुले येतात, आणि त्यांत जुन्या विद्यार्थ्यांची मुलेही असतात. बाजार असे करत नाही. चिक्कपेटे स्थानकावर उतरताना आपल्या मुलाने ‘पेटे म्हणजे काय?’ असे विचारले, तर उत्तर द्यायला क्षणभर थांबावे, एवढीच या महोत्सवी वर्षात पालकांकडून अपेक्षा. पुढची गाडी काही मिनिटांत येतेच.