दंतवैद्यांचा अध्यक्ष

बऱ्हाणपूर हे तापीकाठचे जुने नगर. फारुकी सुलतानांची राजधानी, मोगलांचे दक्षिणेतील मोठे ठाणे आणि मुमताजमहलने १६३१ मध्ये जेथे अखेरचा श्वास घेतला ते गाव, अशी त्याची इतिहासातील ओळख. आज ते यंत्रमागांसाठी आणि केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. राज्य मध्य प्रदेशाचे; परंतु रावेर हाकेच्या अंतरावर असल्यामुळे तेथील कित्येक घरांत मराठीच कानी पडते. अशा आडबाजूच्या गावातील एखाद्या दंतवैद्याला अखिल भारतीय दंतवैद्यक संघटनेच्या अध्यक्षपदासाठी उभे राहावेसे वाटले, तर त्याने ते कोणत्या बळावर राहावे?

प्रश्न काहीसा थट्टेचा वाटेल. दंतवैद्यांच्या निवडणुकीशी सामान्य माणसाला काय कर्तव्य? हारतुरे, मानपान, अधिवेशनातील छायाचित्रे आणि नावापुढे लागणारी एक पदवी, एवढेच त्याचे फलित, असे पुष्कळांना वाटते. आणि ते अगदीच खोटे असते असेही नाही. तथापि या पदाचा जन्म कसा झाला हे पाहिले, म्हणजे त्याची खरी किंमत ध्यानात येते.

डॉ. रफीउद्दीन अहमद यांचा जन्म १८९० सालचा, पूर्व बंगालमधला. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाची दंतवैद्यकाची पदवी त्यांनी १९१५ मध्ये मिळविली, बॉस्टन येथे मुलांच्या दंतरुग्णालयात काही काळ काम केले आणि ते कलकत्त्यास परतले. १९२० साली त्यांनी तेथे देशातील पहिले दंतवैद्यकीय महाविद्यालय काढले. विद्यार्थी अवघे अकरा. सरकारी मदत नव्हती. म्हणून खर्च भागविण्यासाठी त्यांनी 'न्यू यॉर्क सोडा फाउंटन' नावाचे शीतपेयांचे दुकान चालविले. दातांना किडविणाऱ्या गोड पाण्याच्या विक्रीतून दातांची विद्या उभी राहावी, हा विनोद स्वतः डॉक्टरांच्याही लक्षात आल्यावाचून राहिला नसेल! याच महाविद्यालयात शिकलेल्या फातिमा जिना यांनी १९२३ मध्ये मुंबईत आपला दवाखाना थाटला. स्त्रीने दवाखाना उघडावा, तोही दातांचा, हे त्या काळी नवलच होते.

दुकान, महाविद्यालय, १९२५ पासून नियतकालिक, बंगालच्या दंतवैद्यांची संघटना, १९३९ चा बंगाल प्रांतापुरता कायदा, आणि मग अखिल भारतीय संघटनेचे अध्यक्षपद, असा हा क्रम आहे. अध्यक्षपद त्यात शेवटी येते. आजच्या उमेदवारांपैकी कित्येकांच्या आयुष्यात ते प्रथम येते, आणि मागाहून काहीच येत नाही.

त्या पिढीच्या खटपटीचे फळ म्हणजे १९४८ चा दंतवैद्य कायदा. तोवर देशाच्या बहुतेक भागांत कोणीही चिमटा हाती घ्यावा व बाजारात बसून दात उपटावेत, अशी स्थिती होती. कायद्याने नोंदणी आली आणि नोंदवहीचे दोन भाग झाले. पहिला पदवीधरांचा, दुसऱ्यात पदवी नसलेले, पण किमान पाच वर्षे याच धंद्यावर पोट भरणारे लोक. जुन्या कारागिरांच्या तोंडचा घास न काढता नव्या विद्येचे दार बंदिस्त केले गेले. ही तडजोड शहाणपणाची होती. १९४९ मध्ये डॉ. अहमद यांनी आपले महाविद्यालय सरकारच्या स्वाधीन केले. पुढे ते पश्चिम बंगालचे मंत्रीही झाले.

त्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला. जुन्या परिषदेत नोंदणीकृत दंतवैद्यांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींना स्थान होते. नव्या रचनेत भर नेमणुकीवर आहे. म्हणजे व्यवसायाच्या नियमनात मतपेटीचे स्थान आक्रसले. अशा वेळी स्वेच्छेने सभासद झालेल्या मंडळींची संघटना हाच आवाज उरतो, आणि तिचा अध्यक्ष कोण, हा प्रश्न हारतुऱ्यांच्या पलीकडे जातो.

आता पुन्हा बऱ्हाणपूर. यंत्रमागाच्या खडखडाटात रात्रपाळी करणारा माणूस झोप उडविण्यासाठी गालात काय धरतो, हे सांगावयास नको. सुपारीने तोंडाची अंतस्त्वचा निबर होत जाते, जबडा हळूहळू उघडेनासा होतो आणि अशा काही तोंडांत पुढे कर्करोग मूळ धरतो. या विकाराचे वर्णन मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्येच केले होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ खेडुतांची तोंडे तपासून १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गुटख्यावर बंदी घालण्यात मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ रोजी पुढाकार घेतला. बंदीचा कागद निघाला. परंतु सुपारी आणि तंबाखू निरनिराळ्या पुड्यांतून विकत घेऊन तळहातावर एकत्र करणे कोणत्या शिपायाने अडवावे?

राष्ट्रीय संघटनेच्या सभेत या गोष्टींना किती वेळ मिळतो, हेच उमेदवाराला विचारले पाहिजे. दंतारोपणाच्या नव्या यंत्रांवर व्याख्याने होतात, ती व्हावीतच. पण मोठ्या शहरांत एकाच रस्त्यावर दंतवैद्यांच्या पाट्या दाटीने लागाव्यात आणि मागांच्या वस्तीत तपासणीचे एक टेबल नसावे, यावर ज्याच्यापाशी उत्तर नाही त्याने मते कशासाठी मागावीत? मतदारांची संख्या महानगरांत अधिक, हे खरे. लहान गावच्या उमेदवाराला ते गणित सहसा जुळत नाही.

तरी त्याच्यापाशी एक भांडवल असू शकते. आपली तीन बोटे उभी धरून दातांमध्ये सहज मावतात की नाही, एवढीच प्राथमिक परीक्षा. तिला खुर्ची लागत नाही, वीज लागत नाही. एखाद्या दंतवैद्याने दर आठवड्यास पाळी सुटण्याच्या वेळी कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून ती घेतली, ज्यांची दोनच बोटे मावतात त्यांची नावे एका वहीत उतरविली आणि त्यांना रुग्णालयापर्यंत पोचविले, तर निवडणुकीच्या पत्रकाऐवजी त्याने ती वहीच घेऊन संघटनेच्या सभेस जावे.