उशिरा केलेली तक्रार आणि आपले कर्तव्य

(हिंगोली येथील सभेत केलेले भाषण)



एखादी स्त्री पुष्कळ वर्षांपूर्वी आपल्यावर झालेल्या अत्याचाराचा उच्चार करते, तेव्हा समाज पहिला प्रश्न विचारतो तो हा की, 'ही बाई इतके दिवस गप्प का बसली?' या प्रश्नाचा विचार वकील या नात्याने मी आपणांपुढे मांडणार आहे.

अभिनेत्री तनुश्री दत्ता आणि ज्येष्ठ नट नाना पाटेकर यांचे प्रकरण आपण वृत्तपत्रांतून वाचले असेल. २००८ साली एका चित्रपटाच्या चित्रीकरणप्रसंगी पाटेकर यांनी आपणांशी असभ्य वर्तन केले, असा दत्ता यांचा आरोप. पाटेकर यांनी तो साफ नाकारला. २०१८ साली हा आरोप पुन्हा पुढे आला, तेव्हा 'दहा वर्षांनी का?' असा एकच गिल्ला झाला. वस्तुतः दत्ता यांनी २००८ सालीच कलावंतांच्या संघटनेकडे तक्रार केली होती. आणि तेव्हा मूळ गाऱ्हाण्याचा विचारच झाला नाही, हे त्या संघटनेने २०१८ साली स्वतः मान्य केले.

ऑक्टोबर २०१८ मध्ये पोलिसांत फिर्याद झाली. २०१९ साली पोलिसांनी पुरावा नसल्याचा अहवाल दिला. मार्च २०२५ मध्ये अंधेरीच्या दंडाधिकाऱ्यांनी, मुदत उलटून गेल्याच्या कारणास्तव, फिर्यादीची दखल घेण्यास नकार दिला. आरोप खरा की खोटा, याचा निर्णय त्यांनी दिलेला नाही. तेव्हा 'ती खोटी ठरली' असे म्हणणारे आणि 'तो गुन्हेगारच आहे' असे म्हणणारे, दोघेही न्यायालयाने न सांगितलेली गोष्ट सांगत आहेत.

ही मुदत काय आहे? तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने कमाल तीन वर्षांच्या आत घ्यावी, असा नियम आहे. सबळ कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो. २००८ साली विनयभंगाला कमाल दोन वर्षे शिक्षा होती. २०१३ साली ती पाच वर्षे झाली. म्हणून त्यानंतर घडलेल्या विनयभंगास ही मुदत लागत नाही. बलात्कारास ती कधीच नव्हती. कामाच्या ठिकाणच्या छळाची तक्रार मात्र २०१३ च्या कायद्याप्रमाणे तीन महिन्यांत करावयाची असते. कारण पटल्यास आणखी तीन महिने मिळतात.

पत्रकार प्रिया रमाणी यांनी माजी मंत्री एम. जे. अकबर यांच्यावर जुना आरोप केला, तेव्हा अकबर यांनी अब्रूनुकसानीचा खटला भरला. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या न्यायालयाने रमाणी यांना निर्दोष सोडले आणि कित्येक दशकांनंतरही गाऱ्हाणे मांडण्याचा स्त्रीचा हक्क मान्य केला. त्या निकालावर पुढे अपील झाले आहे.

आता आपल्या वस्तीकडे पाहा. मुकादमाविरुद्ध, शेतमालकाविरुद्ध अथवा आपल्याच नात्यातील पुरुषाविरुद्ध मुलगी बोलते, तेव्हा वार्ताहर येत नाही. परंतु 'आता कशाला बोलतेस?' हा प्रश्न घरातच विचारला जातो. मजुरी बुडेल, लग्न मोडेल, या भयाने ती गप्प राहते आणि मुदत निघून जाते. म्हणून माझे सांगणे आहे की, तिचे म्हणणे त्याच दिवशी ऐका, तारीखवार लिहून ठेवा, पोलीस ठाण्यात अथवा जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तिच्यासोबत जा. तिचे नाव चव्हाट्यावर आणू नका. बलात्कारपीडितेचे नाव प्रसिद्ध करणे हा गुन्हाच आहे. ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही पारावर बसून दोषी ठरवू नका. त्याचा निवाडा पुराव्यावर होऊ द्या. मात्र तो पुरावा वेळेत उभा राहावा, ही जबाबदारी तुमची आमची आहे.