तेरचे साचे: मातीवर उमटलेली कला

धाराशिव जिल्ह्यातलं तेरणा नदीकाठचं तेर म्हणजे संत गोरा कुंभारांचं गाव. सातवाहनकाळी हेच तगर होतं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात त्याचं नाव येतं. इथल्या जुन्या कारागिरांची मृण्मूर्ती घडवण्याची रीत ऐकण्यासारखी आहे.

मूर्तीचा पुढचा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात. साच्यात आकृती उलटी असते: जिथं नाक उंच हवं, तिथं खळगा. मळलेली माती बोटांनी त्यात दाबायची, दोन्ही भाग पातळ चिखलानं सांधायचे, सांध्यावरची जादा माती खरवडायची, मग वाळवून भाजायचं. मूर्ती आतून पोकळ असल्यानं भाजताना तडकण्याची भीती कमी. त्यासाठी वापरलेली केओलिन ही पांढरी माती इतकी मऊ, की दागिन्यांचे मणीही स्पष्ट उमटतात.

लाकडी ठशानं कापड छापणारा किंवा लिनोलियमवर कोरून चित्र छापणारा आजचा कलाकारही असाच उलटा विचार करतो. साचा एकच; तरी हाताच्या दाबानं प्रत्येक प्रत थोडी वेगळी.

या मूर्ती तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात पाहायला मिळतात. मुलांना घेऊन जरूर जा, आणि मूर्तीच्या कडेला सांध्याची रेघ दिसते का, ते निरखून पाहा.