पाटीवरचं दुसरं नाव
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



तळमजल्यावरची नावांची पाटी आता नवीन होणार आहे. परवा रंगारी विचारत होता, "साहेब, तुमच्या फ्लॅटला दोन नावं कशी?" मुलंही हेच विचारतात. म्हणून आज हे चार शब्द.

दुसरं नाव माझ्या धाकट्या काकाचं. तो नौदलात 'आयएनएस खुकरी'वर होता. १९७१ च्या युद्धात, ९ डिसेंबरच्या रात्री, दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या 'हंगोर' या पाणबुडीने टॉर्पेडो मारून खुकरी बुडवली. पाणबुड्या शोधणं हेच खुकरीचं काम होतं. काही मिनिटांत सगळं संपलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि ते बोटीबरोबरच गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. काका बावीस वर्षांचा होता.

मी तेव्हा दुसरीत होतो. ब्लॅकआउटमुळे खिडक्यांना काळे कागद लावलेले. तार आली. आजी म्हणाली, "माझं पोर दाखवा, मग रडते." देह आलाच नाही. तिने फोटोला हार घालू दिला नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी इथे राहायला आलो, तेव्हा आजीने हट्टच धरला, पाटीवर त्याचंही नाव हवं. "आलाच, तर घर कसं शोधेल?" नियमाने फक्त सभासदाचं नाव लागतं. पण तेव्हाचे सेक्रेटरी घरी आले, आजीजवळ बसून चहा प्यायले आणि खाली जाऊन रंगाऱ्याला नाव लिहायला सांगितलं.

पुढे दीवला समुद्राकाठच्या टेकाडावर खुकरीचं स्मारक झालं. काचेच्या आत बोटीची प्रतिकृती आहे. आजीला तिथे नेलं. ती बराच वेळ बघत राहिली, मग समुद्राला नारळ दिला. "विहिरीत काय पोहायचा रे," एवढंच म्हणाली. घरी आल्यावर तिने स्वतःच्या हाताने फोटोला हार घातला. मी विचारलं, "पाटीवरचं नाव आता काढायचं का?" म्हणाली, "असू दे. घर त्याचंही आहे."

आजीही आता नाही. नवीन पाटी ग्रॅनाइटची, जास्तीच्या अक्षरांचे पैसे मी भरीन. कमिटीला विनंती एवढीच, की ते नाव राहू द्यावं. आणि मुलांनो, ९ डिसेंबरला शाळेत जाताना ते एकदा वाचा.

जय हिंद!

– एक सभासद