एक्स-रे स्वच्छ आला तरी
(मिशन रविवारच्या सभेतील भाषण)



दोन वर्षांपूर्वी पाड्यावरची एक आई नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. चार दिवसांचा ताप, गुडघ्याखाली ठणका, पाय टेकवेना. तालुक्याला नेऊन एक्स-रे काढला. हाड स्वच्छ दिसलं. मीच म्हणालो, “देवाची कृपा, घरी न्या.” तिसऱ्या आठवड्यात ती परत आली, तेव्हा हाडात पू झाला होता. ऑपरेशन झालं. मुलगा आज चालतो, पण लंगडत.

पुढे डॉक्टरांनी मला समजावलं. हाडात जंतू शिरले तरी पहिले दहा ते चौदा दिवस साध्या एक्स-रेत हाड बहुधा चांगलंच दिसतं. एमआरआयमध्ये लवकर कळतं. मणक्याच्या क्षयात शेजारचे दोन मणके पोखरलेले दिसतात. वयाने सांधा झिजला, तर त्यातली फट कमी होते, कडेला हाड वाढतं. पण ताप येत नाही. आजीचा झिजलेला गुडघा आठवडाभर थांबेल. तापातलं पोर थांबू शकत नाही.

म्हणून आता ताप आणि हाडाचं दुखणं एकत्र दिसलं, की एक्स-रे स्वच्छ असला तरी आम्ही त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात नेतो. गाडीभाडं आणि आईची बुडालेली मजुरी तुमच्या दानातून देतो.

त्या आईची मी क्षमा मागितली. ती एवढंच म्हणाली, “भाऊ, पुढच्या पोराला लवकर न्या.”

त्या पोरासाठी प्रार्थना करा, हात सैल सोडा. प्रभू तुम्हांला आशीर्वाद देवो. आमेन.