आरशापलीकडे, पण वेळेत



संगणकावरच्या खेळांत पॉइंट-अँड-क्लिक नावाचा एक जुना प्रकार आहे. त्यात धावाधाव नाही, गोळीबार नाही. समोर एक चित्र असतं. माउसचा बाण फिरवायचा, कपाटावर, दारावर, कोपऱ्यातल्या चिठोऱ्यावर क्लिक करायचं, हाती लागेल ते खिशात टाकायचं आणि पुढे कुठे कामी येतं ते बघायचं. भयकथेला ही रीत फार मानवते. आत काय आहे ठाऊक नसताना दार उघडायला जातो तो दुसरा कोणी नाही, आपणच.

आज बोलणार आहे ते ‘डार्क सीड’बद्दल. अमेरिकेतल्या सायबरड्रीम्स कंपनीचा हा खेळ 1992 साली आला. त्याचं खरं भांडवल म्हणजे स्विस चित्रकार एच. आर. गीगर. 1979 च्या ‘एलियन’ चित्रपटातलं ते लांबुळक्या डोक्याचं जनावर ज्याच्या कल्पनेतून आलं आणि त्या चित्रपटाबद्दल ज्याला ऑस्करचा वाटा मिळाला, तोच हा. हाडं आणि नळ्या एकमेकांत अशा मुरलेल्या, की शरीर कुठे संपलं आणि यंत्र कुठे सुरू झालं ते सांगता येऊ नये, ही त्याच्या चित्रांची खूण.

गोष्ट तशी साधी. माइक डॉसन नावाचा लेखक एक जुनं, प्रशस्त घर विकत घेतो. पहिल्याच रात्री त्याला स्वप्न पडतं, की आपल्याला एका यंत्राला जखडलंय आणि डोक्यात काहीतरी सोडलं जातंय. सकाळी तो ठणकतं डोकं घेऊन उठतो. डोक्यात परक्या जिवाचा गर्भ वाढतोय आणि हाताशी आहेत तीन दिवस. गंमत म्हणजे माइक डॉसन हे खेळाच्या कर्त्यांपैकी एकाचं खरंखुरं नाव, आणि पडद्यावर मिशा घेऊन संथपणे चालणारा गृहस्थही तोच!

मला या खेळातलं सगळ्यात आवडतं ते न्हाणीघर. उठल्यावर माइकला तिथे न्यायचं, औषधांच्या कपाटातली डोकेदुखीची गोळी द्यायची, शॉवरखाली उभं करायचं. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांवर वाढलेल्या श्रोत्यांना यातली मेख लगेच कळेल. आधी नित्याचं जगणं पक्कं बसायला हवं, तरच त्याला तडा गेलेला ऐकू येतो. इथे तो तडा दिवाणखान्यातल्या आरशातून जातो. आरशापलीकडे तेच घर आहे, तेच गाव आहे, पण सगळं गीगरच्या हातचं. वाचनालयाला तिकडे जोड आहे, पोलीस ठाण्यालाही आहे.

ही चित्रं अंगावर येतात याचं श्रेय गीगरच्या हट्टालाही द्यायला हवं. त्या काळच्या बहुतेक खेळांचं चित्र 320 ठिपके रुंद असे. त्यात आपली चित्रं चौकटी-चौकटींची दिसतील, हे त्याला मंजूर नव्हतं. मग रुंदी 640 ठिपक्यांवर नेली, आणि त्यापायी रंग उरले फक्त 16. ही कंजुषी खेळाच्या पथ्यावरच पडली. पलीकडच्या जगात जवळजवळ सगळे रंग निळसर-राखाडी छटांवर खर्च केलेत, त्यामुळे तिथला उजेडही धातूचा वाटतो.

इथवर सगळं झकास. बिनसतं ते घड्याळापाशी. खेळातली वेळ आपल्यासाठी थांबत नाही. अमुक गोष्ट अमुक दिवशी, ठरल्या वेळेच्या आत झाली नाही, तर ती गेलीच. आणि खेळ तसं सांगतही नाही. तो आपल्याला निमूटपणे पुढे जाऊ देतो. बऱ्याच वेळाने कळतं, की आपण कधीच हरलोय आणि आता पहिल्यापासून सुरुवात. दुसऱ्यांदा त्या आरशातून जाताना चित्राकडे कोण बघणार? पडद्यावर हाडामांसाची यंत्रं धपापताहेत आणि आपल्या पोटात गोळा कसला, तर शेवटची एसटी चुकण्याचा. गीगरचं चित्र म्हणतं थांब, बघ. घड्याळ म्हणतं चल, उशीर झाला. माझ्या मते या भांडणातच खेळातली भीती मरते.

कोडीही अशीच. त्यातलं एक तर भलतंच नामी आहे. आपल्या जगात एकदा तुरुंगाची हवा खायची आणि तिथल्या उशीखाली काही वस्तू लपवून ठेवायच्या. पुढे पलीकडच्या जगात पकडले गेलो, की तिथल्या कोठडीत त्या सापडतात. दोन जगं एकमेकांना चिकटलेली आहेत, ही अख्खी कल्पना एका उशीत! पण वस्तू लपवायच्या आहेत हे आधी सुचावं कसं? खेळात त्याचा पुरेसा माग नाही. म्हणजे उत्तर कळल्यावर वाहवा करायची आणि कळेपर्यंत बोटं मोडायची.

1995 साली याचा दुसरा भागही आला. माझा जीव मात्र पहिल्यातच अडकलाय. कोणाला खेळून बघायचा असेल तर माझा सल्ला जरा अधार्मिक आहे. उत्तरांची यादी खुशाल शेजारी उघडी ठेवा. प्रत्येक दिवसाची कामं तीत बघून उरका आणि उरलेला वेळ आरशापलीकडे नुसतं हिंडण्यात घालवा. कोडी स्वतः सोडवण्याचा मान त्यात जातो, पण या खेळात तो फारसा मोलाचा नाहीच.