टर्कीची शिकार आणि वीस एकरांचें रान

शिकार हा शब्द ऐकला कीं आपल्या डोळ्यांपुढें घनदाट अरण्य, झाडावर बांधलेलें मचाण, ढोल बडवीत रान उठविणारे हांकेकरी आणि शेवटीं झुडपांतून झेंप घेणारा वाघ असें चित्र उभें राहतें. अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यांत दर वर्षीं मे महिन्यांत जी एक शिकार चालते, तिच्यांत यांपैकीं कांहींच नसतें. न्यूयॉर्क हें नांव आपण तेथल्या गगनचुंबी शहरावरून ओळखतों; पण त्याच नांवाच्या राज्याचा फार मोठा भाग टेंकड्यांचा, ओढ्यांचा आणि दूधदुभत्यावर चालणाऱ्या शेतवाड्यांचा आहे. तेथील एखादा शेतकरी, दुकानदार अथवा कारकून आपल्या घरामागच्या पंधरा-वीस एकरांच्या रानांत पहांटेच्या अंधारांत जातो, एका झाडाला पाठ टेंकून बसतो, आणि एका पक्ष्याची वाट पाहतो. तो पक्षी म्हणजे रानटी टर्की. ही शिकार दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु मनुष्यानें निसर्गाशीं कोणत्या मर्यादेनें वागावें, हा मोठा प्रश्न तिच्या पोटांत दडलेला आहे.

टर्की हा मूळचा उत्तर अमेरिकेचा. मोर, कोंबडा व तित्तिर यांच्याच कुळांतला. मेक्सिकोंतील लोकांनीं त्याला फार प्राचीन काळीं माणसाळविलें आणि सोळाव्या शतकाच्या आरंभीं स्पॅनिश लोकांनीं त्याला युरोपांत नेलें. तेथें नांवांचा मोठा घोंटाळा उडाला. इंग्रजांनीं त्याला तुर्कस्थानचा ठरविलें. तुर्क लोक त्याला ‘हिंदी’ म्हणतात. पोर्तुगीज भाषेंत त्याचें नांव ‘पेरू’. ज्यानें त्यानें त्याचें गोत्र परक्या मुलखाशीं जोडून दिलें! हिंदुस्थानांत हा पक्षी गोव्याच्या वाटेनें आला. १६१२ सालीं मुकर्रबखान या सरदारानें जहांगीर बादशहासाठीं गोव्याहून ज्या अपूर्व वस्तु आणल्या, त्यांत तो होता. क्षणोक्षणीं रंग पालटणारें त्याचें डोकें व मान पाहून बादशहा चकित झाला. त्यानें आपल्या आत्मचरित्रांत त्याचें वर्णन केलें आणि उस्ताद मन्सूर या चित्रकाराकडून त्याचें चित्रही काढवून घेतलें. तें चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहे.

पाळीव टर्कीच्या थुलथुलीत देहावरून रानटी टर्कीची कल्पना मात्र करूं नये. रानटी नर वजनानें वीस पौंडांच्या आसपास भरतो, तरी तो वेगानें धांवतो, प्रसंगीं जोरानें उडतो, आणि रात्रीं उंच झाडाच्या फांदीवर बसून झोंप घेतो. त्याचीं पिसें दुरून काळपट दिसतात. पण ऊन पडलें कीं त्यांच्यांत तांब्याची व हिरवी झांक चमकूं लागते. छातीवरून ताठ केसांसारखा पिसांचा एक झुबका लोंबत असतो. त्याला तेथील शिकारी ‘दाढी’ म्हणतात. वास घेण्याची शक्ति बेताची. परंतु कान आणि दृष्टि विलक्षण तीक्ष्ण. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळें मान किंचित् वळवितांच त्याला सभोंवतालचें सर्व दिसतें. माणसाच्या हाताचें एक बोट हललें तरी तें त्याच्या नजरेंतून सुटत नाहीं.

वसंत ऋतु आला कीं या पक्ष्याच्या वृत्तींत पालट होतो. पहांट फुटण्यापूर्वींच नर झाडावरून साद घालूं लागतो. ती साद म्हणजे गोड कूजन नव्हे. भरलेली घागर एकदम उपडी करावी तसा तो गडगडता आवाज असून, निवांत वेळीं तो मैलभरही ऐकूं जातो. जमिनीवर उतरल्यावर नर मोराप्रमाणें पिसारा उभारून, पंखांचीं टोकें भुईशीं घांशीत मिरवूं लागतो. एक नर अनेक माद्यांशीं रमतो. परंतु संसाराचा भार सर्वस्वीं मादीवर असतो. ती पाचोळ्यांत उथळ खळगा करून त्यांत दहा-बारा अंडीं घालते, सुमारें २८ दिवस तीं उबविते आणि पिलांची निगाही एकटीच राखते. शिवाय एकदां झालेला समागम तिला अंड्यांच्या सर्व वेतास पुरतो. म्हणूनच माद्यांचें मीलन बहुतेक आटोपून त्या घरट्याकडे वळल्या, म्हणजे कांहीं नर मारले गेले तरी पुढील पिढीस बाध येत नाहीं, असा या शिकारीच्या कायद्यामागचा हिशेब आहे. न्यूयॉर्क राज्यांत सामान्यतः १ मेपासून ३१ मेपर्यंतच ही शिकार करतां येते, आणि तीही केवळ दाढी असलेल्या पक्ष्याची.

हा हिशेब तेथील लोक सहज शिकले नाहींत. युरोपांतून आलेल्या वसाहतवाल्यांनीं शेतीसाठीं जंगलें तोडलीं आणि वर्षाचे बारा महिने बंदूक चालविली. परिणाम असा झाला कीं, १८४० नंतरच्या पांच-सहा वर्षांत न्यूयॉर्क राज्यांतून रानटी टर्की पार नाहींसा झाला. पुढें टेंकड्यांवरचीं नापीक शेतें लोकांनीं सोडून दिलीं, त्यांवर पुनः झाडें वाढलीं, आणि १९४८ च्या सुमारास शेजारच्या पेन्सिल्व्हेनियांत उरलेले कांहीं पक्षी आपण होऊन सीमा ओलांडून आले. पिंजऱ्यांत वाढविलेले टर्की रानांत सोडून पाहिले, तो प्रयोग फसला. कारण माणसाच्या हातचे दाणे खाऊन वाढलेल्या पिलांना शत्रूपासून जीव वांचविण्याची विद्या कोण शिकविणार? शेवटीं १९५९ पासून रानांतलेच पक्षी जाळ्यांत धरून दुसऱ्या रानांत सोडण्याचा उपक्रम सुरू झाला, आणि तो फळास आला. १९७२ व १९७३ सालीं न्यूयॉर्कहून नेलेल्या ३७ पक्ष्यांपासून मॅसॅच्युसेट्स राज्यांत हा पक्षी पुनः नांदूं लागला. अशा कामांना पैसा पुरविण्यांत शिकाऱ्यांचाही वांटा होता. १९३७ च्या कायद्यान्वयें शिकारीच्या बंदुकांवरील व काडतुसांवरील कराचें उत्पन्न वन्य प्राण्यांच्या संवर्धनाकडे लावलें गेलें, आणि ती व्यवस्था आजही चालू आहे.

आतां त्या वीस एकरांकडे वळूं. जमीन चौरस असली तर तिची एक बाजू सुमारें ९३३ फूट भरते; सावकाश चाललें तरी चारपांच मिनिटांत ती ओलांडून होते. टर्कीचा वावर मात्र शेंकडों एकरांत. रात्रीं तो एकाच्या झाडावर झोंपतो, सकाळीं दुसऱ्याच्या कुरणांत चरतो आणि दुपारीं तिसऱ्याच्या ओढ्याकांठीं धुळींत लोळतो. कायदाही असा कीं, जमीन धन्याची, पण रानांतला पक्षी सर्व जनतेचा. राज्य हें केवळ त्याचें विश्वस्त. जमिनीचा मालक परक्याला ‘आंत येऊं नकोस’ असें म्हणूं शकतो. पण ‘हा पक्षी माझा’ असें म्हणूं शकत नाहीं. पक्षी कुंपणापलीकडे उभा राहिला, तर शेजाऱ्याच्या परवानगीवांचून तिकडे पाऊल टाकतां येत नाहीं. शिवाय दुसऱ्याच्या घरापासून ५०० फुटांच्या आंत त्याच्या संमतीविना बंदूक उडविण्यास बंदी आहे. समोरासमोरच्या दोन बाजूंस कुंपणाला लागूनच शेजाऱ्यांचीं घरें असलीं, तर आपल्या मालकीच्या जमिनीच्या अगदीं मधोमध उभ्या राहिलेल्या माणसालाही बार काढण्याची मुभा उरत नाहीं! अर्थात् लहान जमिनीवरील शिकारीची पहिली तयारी बंदुकीची नव्हे, शेजारधर्माची असते.

दुसरी तयारी म्हणजे आपल्याच जमिनीवर थोडें चालणें. मोठ्या अरण्यांत एक जागा बिघडली तर दुसरी सांपडते. वीस एकरांत एकदां पक्षी बुजला कीं तो दिवसचे दिवस तिकडे फिरकत नाहीं. म्हणून जाणता मालक एप्रिलमध्यें घराच्या पडवींतूनच कान देऊन ऐकतो. साद कोणत्या दिशेनें येते, केव्हां थांबते, याची खूणगांठ बांधतो. गळालेलीं पिसें, पायांचे ठसे, धुळींत लोळल्याच्या जागा पाहून एखाददुसरी बैठक ठरवितो. दाणे टाकून पक्षी गोळा करण्यास कायद्यानें मनाई आहे. तेव्हां त्याला करण्यासारखें एवढेंच कीं, ओक व बीच यांचीं फळझाडें राखावीं आणि कडेला गवताची एक पट्टी न कापतां ठेवावी. कारण पिलांना किडे तेथेंच मिळतात. शिकारीचा महिना एक; ही राखण मात्र बारा महिन्यांची.

ठरलेल्या दिवशीं शिकारी तांबडें फुटण्यापूर्वीं आपल्या बैठकीवर पोंचतो. पाठीशीं खांद्यांपेक्षां रुंद बुंध्याचें झाड निवडावें असा संकेत आहे. त्यामुळें देहाची आकृति लपते आणि मागून नकळत येणाऱ्या दुसऱ्या शिकाऱ्याच्या छऱ्यांपासूनही रक्षण होतें. अंगावर पानांच्या रंगाचे कपडे, तोंडावर जाळी. प्रथम तो घुबडाच्या घूत्काराची नक्कल करतो. ती ऐकतांच झाडावरचा नर चिडल्यासारखा साद देतो आणि त्याचा ठाव कळतो. मग मादीच्या आवाजाची पाळी. त्यासाठीं लांकडी पेटीच्या कडेवर तिचें झांकण घांसतात, पाटीच्या दगडावर काडी फिरवितात, किंवा तोंडांत पातळ पडदा धरून फुंकतात. तेथील मूळचे रहिवासी टर्कीच्याच पंखांच्या पोकळ हाडांतून हा आवाज काढीत. आपल्याकडील पारधी पाळलेला तित्तिर पिंजऱ्यांत ठेवून रानांतले तित्तिर बोलावीत असत. त्यांतलाच हा प्रकार, फक्त येथें पिंजऱ्यांतल्या पक्ष्याचें काम माणूस स्वतः करतो.

खरी कसोटी येथून पुढें लागते. निसर्गाची रीत अशी कीं, नरानें साद घालावी आणि मादीनें त्याच्याकडे जावें. शिकारी नेमकें उलट मागतो. म्हणून नर पुष्कळदां दूर अंतरावर, बहुधा कुंपणापलीकडेच, पिसारा उभारून थांबतो आणि वाट पाहतो. मग एकदम गप्प होतो. अर्धा तास जातो, तास जातो. नवशिका शिकारी कंटाळून पुनःपुनः आवाज काढतो, त्यामुळें पक्ष्याला संशय येतो. किंवा तो उठून उभा राहतो आणि त्याच क्षणीं, आवाज न करतां तीस पावलांवर येऊन ठेपलेला पक्षी नाहींसा होतो. मुरलेला शिकारी एकदां बोलावतो आणि मग बसून राहतो. पक्षी चाळीस यार्डांच्या आंत आला, त्याची दाढी स्पष्ट दिसली, पलीकडे घर अथवा माणूस नाहीं याची खात्री पटली, तरच तो बंदूक उचलतो. नेम डोक्यावर व मानेवर धरतात. अंगावर मारलेले छरे जाड पिसांत अडकून पक्षी जायबंदी होतो आणि शेजाऱ्याच्या रानांत जाऊन तडफडत मरतो.

नियम पुष्कळ आहेत. छऱ्यांची बंदूक किंवा धनुष्यबाण चालतो, गोळीची रायफल चालत नाहीं. सूर्योदयापूर्वीं अर्ध्या तासापासून दुपारीं बारापर्यंतच वेळ. वसंतांत कुत्रा न्यावयाचा नाहीं, यंत्रावर मुद्रित केलेला आवाज वाजवावयाचा नाहीं. एका दिवसांत एक आणि साऱ्या हंगामांत दोन पक्षी, यांवर एकही नाहीं. आणि मारलेल्या पक्ष्याची वर्दी सात दिवसांत सरकारकडे द्यावयाची. अनुभवानें ठरलेले आणखी दोन दंडक आहेत. मादीचा आवाज ऐकूं आला म्हणून त्याच्या रोखानें दबा धरीत जाऊं नये, कारण तो आवाज काढणारा बहुधा माणूसच असतो. आणि अंगावर तांबडा, पांढरा व निळा रंग बाळगूं नये, कारण नराचें डोकें त्याच रंगांचें असतें. लहान जमिनी शेजारीं शेजारीं असतात तेथें हे दंडक मोडणें म्हणजे माणसाच्या जिवाशीं खेळणें होय.

येथें आपल्या वाचकांच्या मनांत एक शंका उभी राहिल्यावांचून राहणार नाहीं. प्रणयाच्या काळीं, प्रेमाची हांक देऊन बोलावलेल्या जिवाला मारणें हें कोणत्या धर्मांत बसतें? ज्या भूमींत क्रौंच पक्ष्याच्या जोडींतील नराचा वध पाहून वाल्मीकींच्या मुखांतून काव्य प्रकटलें, त्या भूमींतील माणसाला हा प्रश्न पडणें साहजिक आहे. टर्कीचा नर जोडीनें राहत नाहीं आणि पिलें त्याच्यावर अवलंबून नसतात, हें उत्तर खरें आहे. परंतु तें संख्येचें उत्तर आहे, करुणेचें नव्हे. कायदा जातीचा विचार करतो. मरणारा पक्षी मात्र एकटा असतो. तेथील कित्येक शिकारी पक्षी जवळ आल्यावरही बंदूक खालीं ठेवतात आणि त्यांतच सकाळ सार्थकीं लागली असें मानतात. हें उत्तर कायद्यानें दिलेलें नाहीं. तें ज्याचें त्यानें शोधिलेलें असतें.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें माळढोक पक्ष्याची शिकार बंद झाली, ती योग्यच झाली. सोलापूरजवळ नान्नज येथें त्याच्यासाठीं अभयारण्यही झालें. तरी आज महाराष्ट्रांत त्याचें दर्शन दुर्मिळ झालें आहे. कारण बंदूक थांबली, पण ज्या गवताळ माळांवर तो जगत होता ते माळ राहिले नाहींत. उलट अमेरिकेंत बंदूक चालू असतांही टर्की परतला. कारण रान परतलें होतें आणि बंदुकीला वेसण बसली होती. तेथेंही आतां निश्चिंति नाहीं. न्यूयॉर्कमध्यें २००१ च्या सुमारास या पक्ष्यांची संख्या शिगेस पोंचली होती. त्यानंतर ती घटली, आणि इतर कांहीं राज्यांनाही शिकारीचे दिवस व पक्ष्यांची संख्या कमी करावी लागली. न्यूयॉर्कांतील बहुतेक जमीन खाजगी मालकीची आहे. त्यामुळें या पक्ष्याचें भवितव्य सरकारी अरण्यापेक्षां अशा वीस-वीस एकरांच्या तुकड्यांवर, म्हणजे सामान्य गृहस्थांच्या विवेकावर अधिक अवलंबून आहे. ज्यानें गवताची पट्टी राखली आणि दुसरा पक्षी मारण्याचा हक्क असूनही तो सोडून दिला, त्याच्या रानांत पुढच्या वसंतांत ती साद पुनः ऐकूं येण्याची आशा अधिक. कुंपण न मानणारा पक्षी राखावयाचा, तर त्या राखणीलाही कुंपण घालून चालत नाहीं.